गुलाबी कडांची टाकी

४ फेब्रुवारी

आक्का फोनवर म्हणाली, "तू बोलत नाहीस, रडत नाहीस. निदान लिहीत तरी जा, नाहीतर आतल्या आत कुजशील." दातांचं सामान पुरवणाऱ्या कंपनीनं नववर्षाची भेट म्हणून दिलेली ही डायरी कोरीच पडली होती. म्हणून लिहितोय. काय लिहायचं ते मात्र आक्कानं सांगितलं नाही.

मुलगा जाऊन दोन महिने होत आले. कामावरून घरी येताना त्याची गाडी घसरली. त्याबद्दल याहून जास्त मला लिहिता येणार नाही.

आज सून राहायला आली. दोघांचं भाड्याचं घर तिला एकटीला नको झालं होतं, आणि माझ्याकडे एक खोली रिकामीच असते. "थोडे दिवस, बाबा. दुसरं काही बघेपर्यंत," ती म्हणाली. मी म्हणालो, "बघू." 'राहा' म्हणायला हवं होतं, हे ती आत गेल्यावर सुचलं.

टेम्पोतून तिच्या बॅगा उतरल्या, पुस्तकांची खोकी उतरली, माशांची काचेची टाकी उतरली, आणि मग दोन मांजरं. आक्काला कळवलं तर म्हणाली, "सून आली ती आली, बरोबर वऱ्हाडही घेऊन आली म्हण की."

मांजरांची नावं मुकादम आणि चिंधी. मुकादम करडा, थोराड. पिंजऱ्यातून निघाला तो सरळ दारात जाऊन बसला आणि हमाल टाकी नीट धरतात की नाही ते बघत राहिला. चिंधी काळी, पिवळी, पांढरी, उरलेले तुकडे जोडून शिवल्यासारखी. घरात मांजर असणं मला कधीच रुचलं नाही. पण आता काय बोलणार?

टाकी हॉलमध्ये ठेवून घेतली. मासे बादलीतून आत सोडले. मी म्हणालो, "त्याचे मासे माझ्याकडे आले, एवढं तरी झालं." सून काहीतरी बोलणार होती. मग तिनं ओल्या हातानंच काच पुसली आणि म्हणाली, "हो. इथं बरी दिसते टाकी."

७ फेब्रुवारी

टाकीत काय काय आहे ते आज नीट पाहिलं. दोन एंजल, चपटे, चांदीच्या पत्र्यातून कापल्यासारखे. लाल-निळ्या टेट्रांचा घोळका. आणि एक मोठी गुरामी, मोतिया रंगाची, पोटाखाली मिशांसारखे दोन लांब धागे. ती त्या धाग्यांनी सगळं चाचपत फिरते. तिला ते दोघं 'आत्याबाई' म्हणायचे म्हणे. आक्काला हे सांगणार नाही.

लहानपणी चिरंजीवांनी मुरंब्याच्या बरणीत गप्पी पाळले होते. तेव्हाचंच वेड पुढे वाढलं असणार. फोनवर कधीकधी म्हणायचा, "बाबा, थांबा, हात ओले आहेत, टाकी धुतोय." मी म्हणायचो, "मग नंतर कर." आणि नंतर दोघंही विसरायचो.

जेवताना सुनेला विचारलं, "तो पाणी कधी बदलायचा?"

"आठवड्याला. सगळं नाही, थोडंच बदलायचं. आणि नळाचं लगेच ओतायचं नाही, भरून ठेवायचं आधी."

"आणि खायला?"

"चिमूटभर. सगळ्यांना वाटतं, भुकेले आहेत. ते नाटक असतं."

तिला बरंच कळतं. त्यानं चांगलं शिकवलेलं दिसतंय. तसं म्हणालो तर ती भाताकडे बघत हसली.

९ फेब्रुवारी

टाकी आणि मांजरं एका छताखाली ठेवायची म्हणजे बंदोबस्त हवा. आज रजा काढली होती, दिवस त्यातच गेला. टाकीचं टेबल भिंतीला पट्ट्यांनी पक्कं केलं, म्हणजे धडपडीत कलंडायला नको. शेजारचं कपाट दुसऱ्या भिंतीला नेलं, कारण मुकादम त्यावरूनच उडी मारायला टपलेला. पंपाची आणि दिव्याची वायर नळीत घातली, म्हणजे चावायला मिळणार नाही. सून म्हणाली, वायर प्लगच्या खालपर्यंत लोंबती ठेवून मग वर घ्या, वायरवरून पाणी ओघळलं तर खालीच टपकेल, प्लगमध्ये जाणार नाही. हे मला सुचलं नसतं.

राहिलं झाकण. मूळचं काचेचं झाकण टेम्पोत तडकलं. सध्या वर पुठ्ठा आणि त्यावर शब्दकोश.

१२ फेब्रुवारी

मांजरांच्या टोपलीत माझ्या मुलाचं जाकीट अंथरलेलं आहे. तपकिरी, आतून लोकरीचं. चांगलं जाकीट. मी काही बोललो नाही, पण तिला कळलं असावं. म्हणाली, "त्याशिवाय मुकादम झोपत नाही, बाबा." मांजराचे काय लाड करावेत यालाही सुमार असतो.

रोज दिवेलागणीला मुकादम दाराशी जाऊन बसतो. सून फिजिओथेरपीच्या क्लिनिकमधून तेव्हाच येते, म्हणून मला वाटलं तिची वाट बघतो. पण आज ती घरातच होती, तरी बसला. उठवला तर पुन्हा तिथेच. खोडच असेल.

१६ फेब्रुवारी

आज कामावरून आलो तर पुठ्ठा भिजून वाकलेला, शब्दकोश खाली, आणि मुकादमाचा पंजा कोपरापर्यंत पाण्यात. एंजल कोपऱ्यात थरथरत होता. मी ओरडलो. मुकादमानं शांतपणे पंजा बाहेर काढला, झटकला, आणि मी कामावर उशिरा आल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

सून धावत आली. "नवीन झाकण मागवलंय, बाबा. येईलच या आठवड्यात."

"या आठवड्यात काय उरेल?"

"तोवर मी त्यांना माझ्या खोलीत बंद ठेवते ना."

मी म्हणालो, कशाला मागवायचं, मी करतो. उभं आयुष्य लोकांच्या तोंडात बरोबर बसतील अशा कवळ्या केल्या, एका टाकीला झाकण बसवता येणार नाही मला?

१८ फेब्रुवारी

काल टाकीच्या कडेचं प्लास्टरमध्ये माप घेतलं, हिरडीचं घेतो तसंच. आज प्रयोगशाळेत त्यावर काम केलं. वरचा भाग पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्याचा. त्याला चारी बाजूंनी कवळीच्याच गुलाबी अॅक्रिलिकची कड, भुकटी आणि द्रव कालवून ओतलेली, आणि आत नळ्या अडकवायला त्याचेच आकडे, पाण्यात उतरणारे.

आमच्याकडे कवळ्यांना झिलई देणाऱ्या पोराला सगळे 'चकाकी' म्हणतात. तो येऊन उभा राहिला.

"काका, हा जबडा कुणाचा? हत्तीचा?"

"टाकीचा."

"मग दात कधी बसवणार?"

आतल्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाईसुद्धा हसल्या. बऱ्याच दिवसांत त्या खोलीत माझ्यामुळे कुणी हसलं नव्हतं. मला बरं वाटलं.

२० फेब्रुवारी

झाकण बसलं. बसलं म्हणजे असं बसलं की दोन्ही हातांनी उचलावं लागतं, ओल्या हिरडीवर वरची कवळी धरते तसं धरतं. नळीपुरतं एक भोक, बाकी मुंगीही जाणार नाही. मुकादम वर चढला, वास घेतला, पंजानं खरवडून पाहिलं, आणि शिंकून उतरला.

एक दिवस थांबून बसवावं असं मनात होतं, पण मांजराचा काय भरवसा?

सून म्हणाली, "बाबा, केवढं सुंदर झालंय. पण वास येतोय का हो?"

"आमच्या कामाचा वास आहे तो. माझ्या कपड्यांनाही येतो. जाईल."

"आणि हवा? थोडी फट नको का?"

"पंप आहे की."

ती बराच वेळ नाक जवळ नेऊन उभी होती. मग तिला क्लिनिकमधून फोन आला, उद्या दोन्ही पाळ्या करशील का म्हणून. ती हो म्हणाली.

२१ फेब्रुवारी

आज आनंदाची गोष्ट. मासे मला ओळखायला लागले. सकाळी टाकीपाशी गेलो तर सगळे वर आले, पाण्याच्या कडेला तोंडं लावून, उघडमीट करत. एरवी मला पाहून पळणारे टेट्रासुद्धा. आत्याबाई तर सारखी वर-खाली करत होती. संध्याकाळीही तसंच. मी खुर्ची ओढून बसलो आणि त्यांच्याशी बोललोही थोडं. काय बोललो ते लिहीत नाही.

मुकादमही समोर बसून होता, पण आज त्याला चैन नव्हती. टाकीकडे बघायचा आणि ओरडायचा. जळफळाट.

सून उशिरा आली आणि न जेवता झोपली. तिला उद्या दाखवीन.

२२ फेब्रुवारी

सगळे मेले.

सकाळी दिवा लावला तर टेट्रा पाण्यावर, कचऱ्यासारखे. एंजल आडवे. आत्याबाई नळीच्या आकड्याजवळ, धागे पसरून. मुकादम झाकणावर बसलेला. आणि पंपाचा प्लग सॉकेटमधून अर्धा निघून लोंबत होता.

सून बाहेर आली. तिनं झाकण उचललं, हात पाण्यात घातला आणि आत्याबाईला ओंजळीत घेतलं. एक शब्द बोलली नाही.

मी बोललो. मी म्हणालो, "तुझ्या मांजरांनी त्याला दुसऱ्यांदा मारलं."

हे वाक्य मी इथे लिहून ठेवतो आहे, कारण ते मीच बोललो.

ती म्हणाली, "बाबा, प्लग कदाचित रात्री..." मी म्हणालो, "मला त्या जनावरांचं तोंड बघायचं नाही." ती ओंजळ तशीच धरून आत गेली.

संध्याकाळी कामावरून आलो तर खोली आवरलेली. क्लिनिकमधल्या मैत्रिणीच्या इमारतीत एक खोली रिकामी आहे, तिथे जातेय म्हणाली. बॅगा दारात, मांजरं पिंजऱ्यात. जाता जाता म्हणाली, "फिल्टरही बंद करा, बाबा. पाणी काढल्यावर चालू राहिला तर मोटर जळेल."

मी दाराशी गेलो नाही.

२६ फेब्रुवारी

आक्काचा फोन. "पोरीला घालवलीस?"

"मी घालवली नाही. ती गेली."

"अरे वा. तू मांजरांना घालवलंस आणि ती पिंजरा धरायला गेली, असंच ना? लहानपणापासून तुझं एक बघते मी. रागावलास की एकच वाक्य बोलतोस, पण ते असं बोलतोस की समोरच्याला पुन्हा पाणी मागायची सोय राहत नाही."

मी म्हणालो, तिच्या मांजरांपायी त्याची शेवटची खूण गेली. आक्का म्हणाली, "खूण माशांची असते होय? मग ती पोर काय आहे?"

फोन ठेवल्यावर जेवलो नाही. भूक नव्हती.

४ मार्च

टाकी रिकामी बघवेना. माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार मुलाला आणि सुनेला ओळखायचा. बातमी कळल्यावर त्यानं पैसे मोजायचं काम थांबवलं आणि थोडा वेळ उगाच काउंटर पुसत राहिला. मग मी काय झालं ते सांगितलं.

"पंप बंद पडून एका रात्रीत सगळे? आणि गुरामीसुद्धा?"

"सुद्धा."

"छे हो. गुरामी वर येऊन तोंडानं हवा घेते. पंप नसला तरी तिचं काही अडत नाही. मागे आमचे वीज मंडळवाले दिवसभर दिवे घालवून बसले होते, बाकीचे धापा टाकत होते आणि गुरामी मजेत. धापा म्हणजे असं, सगळे वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागतात. तसं केलं होतं का त्यांनी?"

मी म्हणालो, "ते मला बघून वर यायचे."

त्यानं फडकं बाजूला ठेवलं. मग विचारलं, "पाण्यात काही नवीन गेलं होतं? फवारा, रंग, साबण?"

"काही नाही."

"मग नवीन मासे आत्ता देत नाही, साहेब. आधी कारण कळू दे. धंदा माझा आहे, पण उगाच जीव कशाला घालवा?"

दुकानातून निघालो ते चालतच घरी आलो.

६ मार्च

आज एका म्हाताऱ्या बाईंची मोडलेली कवळी सांधायला आली. बाई बाहेरच बसल्या होत्या, संध्याकाळी कुठे तरी जेवायला जायचं होतं त्यांना. मी कवळी सांधली, घासली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, देऊन टाकू या ना लगेच. ताटकळल्यात बिचाऱ्या."

मी म्हणालो, "आज नाही. रात्रभर पाण्यात राहू दे. ताजं असताना आतला कच्चा द्रव सुटत असतो, तोंडात भाजल्यासारखं होईल..."

आणि पुढचं वाक्य मला बोलता आलं नाही.

हे मी रोज कुणाला ना कुणाला सांगतो. चकाकी माझी नक्कल करतो ती याच वाक्याची करतो. आणि तेच अॅक्रिलिक, कवळीच्या कितीतरी पट, पाण्यात न ठेवता तसंच मी त्या टाकीवर बसवलं. हवा जायला फट ठेवली नाही. वास येतोय असं ती म्हणाली होती. फट हवी असंही म्हणाली होती.

चकाकीनं स्टूल पुढे केलं. "काका, साखर कमी झाली का?" मी मान हलवली. त्याला काय सांगणार?

घरी येऊन झाकण नाकाशी धरलं. अजून वास आहे.

माशांचं ते वर येणं. पंप तेव्हा चालू होता. मी खुर्ची ओढून बसलो होतो.

७ मार्च

तिला फोन केला. वाजला, पण उचलायच्या आत मीच ठेवला. फोनवर सांगायची गोष्ट नाही.

८ मार्च

आज गेलो. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, खाली लोखंडी सामानाचं दुकान. दार तिनंच उघडलं. चेहरा उतरलेला होता, वाटलं मला बघून. "या ना, बाबा." मुकादम खाटेखाली होता. त्याचे डोळे तेवढे दिसले.

मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. कच्चं अॅक्रिलिक, झाकण, फट. शेवटी म्हणालो, "तुझ्या मांजरांचा काही दोष नव्हता. मी तुझी माफी मागायला आलोय."

ती ओट्याला टेकली. मग म्हणाली, "मलाही वाटलंच होतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच बघायला हवं होतं, पण तशीच पळाले कामावर." आणि जरा थांबून, "बाबा, एक सांगू? मांजरं माझी नव्हेत. त्याची."

मला कळलंच नाही.

"मुकादमाला त्यानं एका गॅरेजजवळच्या नाल्यातून काढलं. एवढासा होता. चिंधीला नंतर आणलं, मुकादमाला सोबत म्हणून. नावंही त्यानंच ठेवली. तुम्हाला आवडत नाहीत, म्हणून तुमच्याशी बोलताना म्हणायचा, 'तिची मांजरं.' मी चिडायचे. तर म्हणायचा, अगं, सासरे सुनेला बोलत नाहीत, मुलाला बोलतात."

ती हसली. मला हसता आलं नाही.

"आणि मासे?" मी विचारलं.

"मासे माझे. कॉलेजपासूनचे. म्हणजे टाकी तेव्हाची. तो फक्त धुवायला मदत करायचा, आणि कुरकुर करायचा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही पहिल्याच दिवशी काचेवर हात ठेवून उभे राहिलात. म्हणालात, त्याचे मासे माझ्याकडे आले. मग कसं सांगू?" ती म्हणाली. "मला वाटलं, राहू दे. दोघांचे म्हटले तरी चालतं."

म्हणजे रोज जेवताना मी तिला विचारत होतो, तो पाणी कसं बदलायचा, तो खायला काय घालायचा. आणि ती स्वतःचंच त्याच्या नावावर सांगत होती. तिचं स्वतःचं काही मी एकदाही विचारलं नाही. तिचे मासे मी मारले आणि त्याची मांजरं घराबाहेर काढली.

टोपली खिडकीखाली होती. जाकीट तेच. मी विचारलं, "दुसरी कुठे आहे?"

"चिंधी गेली."

"म्हणजे?"

"इथं आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी. या खिडकीला जाळी नाही. मी बंदच ठेवत होते, पण झाडू मारायला येणाऱ्या बाईंनी ती उघडली. पत्र्यावरून उतरली असेल. रोज शोधते."

म्हणून तिचा चेहरा उतरलेला होता. मी विचारलं, "घरी येतेस का?" तिनं नाही म्हटलं. रागानं नाही. "ती परत आली तर इथंच येईल ना, बाबा. मी इथं असायला हवं."

९ मार्च

कामावरून सरळ तिकडे गेलो. जाळी घेऊन गेलो होतो, खिडकीला बसवली. मग दोघं खाली उतरून शोधायला गेलो. लोखंडी दुकानाचं मागचं आवार, गॅरेज, कचऱ्याच्या पेट्या. ती पुढे हाका मारत होती. मला रस्त्यात हाक मारायची सवय नाही. मी टॉर्च धरून गाड्यांखाली वाकून बघत होतो. एका ठिकाणी काळं-पांढरं काही हललं. पिशवी होती.

लोखंडी दुकानाचा मालक म्हणाला, "काका, जाऊ द्या, बोकाबिका भेटला असेल. येईल मजा करून." ती पुढे निघून गेली. तिनं ऐकलं असावं.

११ मार्च

कालही नाही, आजही नाही. आज तिचा आवाज बसला होता. दिवसभर मोठ्यानं आकडे मोजत रुग्णांकडून व्यायाम करून घ्यायचा आणि संध्याकाळी हाका मारायच्या. मी म्हणालो, "तू नुसती चल. मी मारतो."

पहिली हाक मलाच ऐकू आली नसेल. दुसरी जरा मोठ्यानं मारली. वरच्या गच्चीतून एक पोरगी ओरडली, "काका, जुने कपडे पण घेता का?" तिच्या मैत्रिणी खिदळल्या. सूनही हसली, ओढणी तोंडावर धरून. मग मला धीर आला. मी पोट भरून हाक मारली, "चिंधीऽ, ए चिंधीऽ."

वर कुठेतरी मांजर ओरडायला लागलं. आम्ही दोघांनी मान वर केली. तिसऱ्या मजल्यावर, नव्या जाळीला पंजे लावून, मुकादम उभा होता. मी घरात असेपर्यंत खाटेखालून न निघालेला. लहान पोरासारखा ओरडत होता, थांबेचना.

"त्याला काय झालं?" मी म्हणालो.

ती वर खिडकीकडेच बघत होती. मग म्हणाली, "एरवी नाही, बाबा. पण हाक मारताना तुमचा आवाज अगदी त्याच्यासारखा होतो. तो असाच खालून हाक मारायचा, दोघांना."

मी मान खाली घेतली. म्हणालो, "मग नको मारायला. त्याला उगाच त्रास."

ती म्हणाली, "चिंधीलाही तसंच वाटलं तर येईल ती. मारा तुम्ही."

आम्ही आवार पालथं घातलं, गॅरेज घातलं, मागची गल्ली घातली. मी हाका मारत होतो, ती माझ्या दोन पावलं मागे चालत होती. चिंधी कुठेही नव्हती. चालता चालता मोठा रस्ता ओलांडून आम्ही बँकेच्या पलीकडे आलो, तिथे नुसत्या उंच भिंती आणि बंद शटर. इतक्या लांब, एवढी रहदारी ओलांडून मांजर येणं शक्य नव्हतं. मी तसं म्हणालो आणि मागे वळलो. ती एका शटरला टेकून खाली बघत उभी होती.

"असू दे," ती म्हणाली. "अजून एकदा मारा."

मी हाक मारली.